दूध बंद करण्याआधी आणि बंद केल्यानंतर

दीड-दोन महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ. वजन वाढतंय, झोप बरी आहे, ओळखीचं हसायला लागलंय. आणि एके दिवशी लंगोट बदलताना पिवळ्या शीमध्ये रक्ताचे लाल धागे दिसतात, सोबत शेंबडासारखी आव. घरात एकदम धावपळ उडते. कोणी म्हणतं आईला उष्ण पडलं. कोणी म्हणतं तिचं दूधच बाधतंय, दोन दिवस अंगावर घेऊ नकोस. कोणी सहाण काढून गुटी उगाळायला बसतं. संध्याकाळपर्यंत मेडिकलमधून पावडरीचा डबा आलेला असतो. आणि जिचे बाळंतपणाचे टाके अजून नीट भरले नाहीत ती आई, आपल्याच दुधाने लेकराला इजा झाली या समजुतीने रडत असते.

हा लेख तिच्यासाठी आणि तिच्या भोवतीच्या माणसांसाठी आहे.

आईचं दूध अशा बाळाला बाधत नसतं. आईने चहातून, दह्यातून, खिरीतून जे गाई-म्हशीचं दूध घेतलेलं असतं, त्यातल्या प्रथिनांचे अगदी बारीक अंश तिच्या दुधात उतरतात. बहुतेक बाळांना त्याचं काहीच होत नाही. काही थोड्या बाळांचं आतडं मात्र त्या अंशांवर चिडतं आणि त्याला सूज येते. त्यांतल्या काहींना सोयाबीनच्या प्रथिनांचाही असाच त्रास होतो. घाईघाईने आणलेला डबा हा बहुधा गाईच्याच दुधाची पावडर असतो. म्हणजे जे बाधत असावं असा संशय आहे, ते आईच्या दुधातून कणाकणाने येत होतं, ते आता बाटलीभर जायला लागतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं असं आहे. अंगावरचं तोडू नका. संशय खरा वाटला तर डॉक्टरांना विचारून आईच्या ताटातलं दूध काही आठवडे पूर्ण बंद करून पाहा. आणि बाळ बरं झालं की ते दूध आईला परत देऊन पाहा. पहिल्या दोन गोष्टी समजावल्या की बहुतेक घरं ऐकतात. तिसरी राहून जाते, आणि तीच न केल्यामुळे कित्येक आया वर्षभर आणि कित्येक मुलं शाळेत जाईपर्यंत विनाकारण पथ्यात राहतात.

पण आधी धोक्याचं बोलून घेऊ. दूध किंवा सोया पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत बाळाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले, खोकला-घरघर लागली, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर विचार करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. दुसरा एक प्रकार कमी माहितीतला आहे. बाळाला पहिल्यांदाच वरचं दूध पाजलं, आणि एक ते चार तासांच्या आत बाळ उलटीवर उलटी करायला लागलं, पांढरंफटक पडलं, अंग ढिलं सोडलं. घरच्यांना हे अपचन वाटतं, डॉक्टरांनाही कधी कधी जंतुसंसर्ग वाटतो. अशा वेळी ‘दोन तासांपूर्वी पहिल्यांदा अमुक पाजलं होतं’ हे एक वाक्य डॉक्टरांना सांगणं फार मोलाचं असतं. हिरवी उलटी, कडक फुगलेलं पोट, कळ आली की किंचाळणं आणि लाल जेलीसारखी शी, ताप, शीमध्ये भरपूर रक्त ही दुधाची लक्षणं समजून घरी थांबायचं नाही. यांत आतड्याला पीळ पडलेला किंवा एक आतडं दुसऱ्यात शिरलेलं असू शकतं, आणि तिथे वेळ महत्त्वाचा.

रक्ताची साधी कारणंही असतात. शौचाच्या जागी चीर पडलेली असते. आईच्या बोंडाला भेगा पडून तिचंच रक्त दुधातून बाळाच्या पोटात गेलेलं असतं. जुलाबाचा संसर्ग असतो. घरी बाळंतपण होऊन जन्मानंतरचं व्हिटॅमिन के चं इंजेक्शन राहिलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. म्हणून रक्त दिसलं की पहिली फेरी बालरोगतज्ज्ञांकडे. शीचा फोटो मोबाइलवर काढून न्या, वजनाचं कार्ड सोबत ठेवा.

आता उलट बाजू, जी तितकीच महत्त्वाची आहे. बाळ रडतं, दूध ओकतं, पोटात गुरगुरतं, एवढ्यावरून दुधाची ॲलर्जी ठरत नाही. निरोगी बाळाचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सगळ्यांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. पाजल्यावर तोंडातून थोडं दूध बाहेर येणं हे निम्म्याहून जास्त बाळांत घडतं, चौथ्या महिन्याच्या आसपास ते जास्त दिसतं आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं थांबतं. अंगावर पिणारं बाळ दिवसातून आठ-दहा वेळा पातळ पिवळी शी करतं, किंवा पुढे तीन-चार दिवसांतून एकदा करतं. वजन वाढत असेल तर दोन्ही ठीक. जगभरात पहिल्या वर्षात १०० पैकी २-३ बाळांना गाईच्या दुधाची ॲलर्जी असते असा आकडा सांगितला जातो, पण नीट परत देऊन तपासलं की तो १ च्याही खाली येतो, असं युरोपातल्या मोठ्या पाहणीत दिसलं. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांत तर साधारण २०० पैकी एकाला.

इंग्लंडमध्ये काय झालं ते यासाठी माहीत असावं. २००६ साली तिथे या त्रासाच्या बाळांसाठीच्या खास पावडरींची डॉक्टरी चिठ्ठी वर्षाला १ लाख ५ हजारांच्या घरात लिहिली जात होती. २०१६ पर्यंत तो आकडा ६ लाखांवर गेला. दहा वर्षांत बाळांची आतडी एवढी बदलत नाहीत. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०१८ साली हे आकडे मांडताना पावडर बनवणाऱ्या कंपन्यांचा डॉक्टरांच्या प्रशिक्षणावरचा प्रभाव उघड केला. आपल्याकडे १९९२ चा कायदा आणि त्यातली २००३ ची दुरुस्ती यांमुळे दोन वर्षांखालच्या बाळांच्या डब्याच्या दुधाची आणि अन्नाची जाहिरात करणं, फुकट नमुने वाटणं गुन्हा आहे. तुम्हाला कोणी नमुन्याचा डबा हातात ठेवला तर तो परत करा.

आणखी एक गोंधळ निस्तरून टाकू, कारण त्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातो. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज न पचणं वेगळं, दुधातली प्रथिनं बाधणं वेगळं. जन्मजात लॅक्टोज न पचणारं बाळ अतिशय दुर्मीळ. आईच्या दुधातही लॅक्टोज भरपूर असतं आणि ते बाळाच्या कामाचं असतं. मोठे झाल्यावर आपल्यातल्या अनेकांना दूध प्यायल्यावर जे गॅस होतात ती लॅक्टोजची भानगड. ती सहसा तीन-पाच वर्षांच्या आधी दिसत नाही. जोराचे जुलाब होऊन गेल्यावर तान्ह्या बाळाला काही दिवस लॅक्टोज जड जातं, मग आपोआप सुधारतं. प्रथिनांचा त्रास असलेल्या बाळाला लॅक्टोज-फ्री डबा दिला तर काहीही फरक पडणार नाही, कारण त्यात साखर काढलेली असते, प्रथिनं तशीच असतात.

ही प्रथिनं कुठली? दूध नासलं की जो घट्ट चोथा उरतो ते मुख्यतः केसीन, आणि जी हिरवट निवळी राहते त्यात व्हे प्रथिनं. त्रास दोन्हींचा होऊ शकतो. म्हशीच्या, शेळीच्या, मेंढीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की ज्याला गाईचं बाधतं त्याला बहुधा तीही बाधतात. ‘शेळीचं दूध हलकं’ हा आपला जुना विश्वास इथे चालत नाही. देशी गाईचं, ए-टू लिहिलेलं महाग दूध घेऊनही भागत नाही. उकळल्यानेही नाही. आणि त्रास असो वा नसो, वर्षाच्या आतल्या बाळाचं मुख्य पेय म्हणून गाईचं दूध देऊच नये. त्यात लोह नावापुरतंच असतं, आणि तान्ह्या आतड्यातून त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होऊ शकतो. पाणी घालून पातळ केलेलं दूध तर बाळाला उपाशी ठेवतं.

आता आईच्या ताटाकडे येऊ, कारण खरी परीक्षा तिथेच आहे.

आपल्याकडे बाळंतिणीचं खाणं म्हणजे दूधच दूध. दूध प्यायलं की दूध येतं अशी घट्ट समजूत आहे. अळिवाची खीर, खारकेचं दूध, दुधातून शतावरी कल्प, रात्री हळदीचं दूध, तुपातले डिंकाचे आणि मेथीचे लाडू. ज्या प्रेमाने हे केलं जातं त्याचा मी आदरच करतो. पण बाळाच्या पिण्यावर आईचं दूध अवलंबून असतं; जितकं बाळ ओढतं तितकं येतं. गाय-म्हैस दुसऱ्याचं दूध न पिता दूध देते, तशी बाईही देऊ शकते. त्यामुळे सासूबाईंनी आणि माहेरच्या आईने हे मनावर घ्यावं: काही आठवडे तिला दूध न देणं म्हणजे तिची आबाळ नव्हे. अळीव ओल्या नारळाच्या रसात शिजवता येतात. खारीक-खोबऱ्याचे, तिळाचे, शेंगदाण्याचे लाडू तुपाशिवाय वळता येतात. तूप जवळजवळ सगळं स्निग्धच असलं तरी घरी कढवलेल्या तुपात बेरीचे कण राहतात, म्हणून तपासणीच्या आठवड्यांत तेही नको.

‘मी दूध बंद केलंय’ असं सांगणाऱ्या आईच्या दिवसात दूध कुठून कुठून येत असतं ते पाहण्यासारखं आहे. सकाळचा चहा. कोशिंबिरीतलं दही, वांग्याच्या भरितातलं दही. कढी, मठ्ठा. थालीपिठावरचं लोणी. प्रसादाचा शिरा दुधात केलेला असतो, मोदकाच्या उकडीत चमचाभर दूध घालतात, पुरणाच्या पोळीचं पीठ कुठे कुठे दुधात भिजवतात. ढोकळा दह्यात भिजवलेला असतो, नान दह्यात मळलेला. बेकरीच्या पावात, ब्रेडमध्ये, बिस्किटांत दुधाची पावडर. बाहेरची ग्रेव्ही, चॉकलेट, शेजारून आलेला खरवस. खरवस तर प्रथिनांनी सगळ्यांत भरलेला. यांतलं एक जरी चालू राहिलं तर परीक्षा फुकट जाते आणि मग ‘दूध बंद करूनही फरक पडला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. बाजारच्या पाकिटांवर मात्र आता एक सोय आहे. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे दूध, सोया, अंडं, गहू, शेंगदाणे अशा पदार्थांची सूचना घटकांच्या यादीजवळ ठळक लिहावी लागते. ‘कंटेन्स’ या शब्दापुढे मिल्क किंवा सोया आहे का ते वाचा. व्हे, केसीन, मिल्क सॉलिड्स, केसिनेट हे शब्दही दुधाचेच. बाळाला औषधाची पुडी किंवा पोटातल्या चांगल्या जंतूंचे थेंब लिहून दिले असतील तर त्यांत दूध नाही ना, हे केमिस्टला विचारा.

आईने मग कॅल्शियमचं काय करायचं? ही चिंता रास्त आहे आणि तिचं उत्तर सरकारी दवाखान्यातच आहे. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार स्तनदा मातेला बाळंतपणानंतर सहा महिने रोज कॅल्शियमच्या दोन गोळ्या मिळायला हव्यात. प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० एकक व्हिटॅमिन डी. आशाताईंकडे मागा. एक गोळी सकाळच्या, एक संध्याकाळच्या जेवणानंतर घ्या, लोहाच्या गोळीबरोबर एकत्र घेऊ नका. दोन तासांचं अंतर ठेवा. ताटात नाचणीची भाकरी रोज असू द्या. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तिळाची चटणी, राजगिऱ्याची आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी, काट्यासकट खाता येणारी मांदेली. डाळी, उसळी, चालत असतील तर अंडी, मासे, मटण पोटभर. पथ्य दुधाचं आहे, जेवणाचं नाही. कित्येक घरांत दूध बंद करायला सांगितलं की त्यासोबत वांगं, बटाटा, डाळ, फळं, मिरची, सगळंच बंद होतं आणि आई अक्षरशः सुकते. हे कृपा करून करू नका.

सोयाबीनचं काय, हे डॉक्टर ठरवतील. दोन्ही एकदम बंद करण्याची सरसकट गरज नसते. आधी दूध बंद करून दोन ते चार आठवडे पाहतात. पथ्य काटेकोर असूनही शीतलं रक्त थांबलं नाही तर मग सोया, कधी कधी अंडंही. उशिरा उमटणाऱ्या, म्हणजे शीमध्ये रक्त-आव येण्यासारख्या पोटाच्या प्रकारात दुधाबरोबर सोया बाधण्याचं प्रमाण जास्त. अंगावर लगेच गांधी उठणाऱ्या प्रकारात ते कमी. महाराष्ट्रात सोया कुठे लपतं याची एक जागा कोणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे दळण. पोळ्या पौष्टिक व्हाव्यात म्हणून गव्हात मूठ-दोन मूठ सोयाबीन टाकून गिरणीत देण्याची पद्धत विदर्भ-मराठवाड्यात आणि शहरांतही चांगलीच रुजली आहे. आईचं दळण काही आठवडे वेगळं आणा. सोयाच्या वड्या, मल्टिग्रेन आटा, प्रोटीन पावडर, चायनीजच्या गाडीवरचं सोया सॉस, टोफू, अंगणवाडीतून आलेल्या पूरक आहाराची पाकिटं, हे सगळं वाचून-विचारून घ्या. शुद्ध केलेल्या सोयाबीन तेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत, त्यामुळे ते बहुतेकांना चालतं. बिस्किटांतलं सोया लेसिथिनही सहसा बाधत नाही. सगळं तेल बदलायचा खर्च करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पथ्य सुरू झालं की बाळात फरक किती दिवसांत दिसतो? शीतलं रक्त अनेकदा तीन-चार दिवसांत कमी होतं, पूर्ण जायला दोन आठवडे लागतात. अंगावरच्या खाजऱ्या चट्ट्यांना चार आठवडे द्यावे लागतात. या काळात एक साधी वही ठेवा. आईने काय खाल्लं, शी कशी होती, उलटी किती, झोप कशी. रोज चार ओळी पुरेत. दोन ते चार आठवडे काटेकोर पाळूनही काहीच फरक नसेल तर आपल्या मनाने पथ्य वाढवत नेऊ नका, परत डॉक्टरांकडे जा. बहुधा कारण दुसरं असतं.

आणि फरक पडला, बाळ छान झालं, तर?

इथे घरचे म्हणतात, ‘आता कशाला परत दूध द्यायचं? बरं चाललंय ना?’ मला ही भीती समजते. ज्यांनी लंगोटातलं रक्त पाहिलंय त्यांना ते परत पाहायचं नसतं. पण तान्ह्या बाळाचं पोट दोन-चार आठवड्यांत स्वतःहूनही सुधारत असतं. रडण्याचा काळ संपलेला असतो, शौचाची चीर भरून आलेली असते. दूध बंद केल्यावर बाळ बरं झालं म्हणून ते दूध बंद केल्यामुळेच बरं झालं, असं सिद्ध होत नाही. ते सिद्ध होतं परत दूध दिल्यावर त्रास परतला तर. अंगावर पिणाऱ्या, फक्त शीमध्ये रक्ताचे धागे येणाऱ्या आणि वजन नीट वाढणाऱ्या बाळाच्या बाबतीत हे डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरी करता येतं: आई पहिल्या दिवशी थोडं दूध घेते, रोज वाढवत आठवडाभरात आपल्या नेहमीच्या दूध-दह्यावर येते. बाळाला ताप, सर्दी, नवी लस किंवा नवं औषध चालू असताना हे करायचं नाही, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. रक्त, आव परत आली तर निदान पक्कं. दूध पुन्हा थांबवा, दोन-चार दिवसांत बाळ सावरतं. काहीच झालं नाही तर त्या आईचा चहा तिला आनंदाने परत करा. मात्र ज्या बाळाला गांधी, सूज, श्वासाचा त्रास किंवा ती पांढरंफटक पाडणारी उलटी झाली होती, त्याला दूध परत देऊन पाहणं हे फक्त रुग्णालयात, डॉक्टरांसमोर. घरी एक थेंबही नाही.

रक्ताच्या तपासणीत हे कळत नाही का, असं अनेक जण विचारतात. लगेच उमटणाऱ्या प्रकारात त्वचेवरची टोचणी किंवा आयजीई नावाची रक्ततपासणी मदत करते. उशिरा उमटणाऱ्या पोटाच्या प्रकारात ती बहुधा कोरीच येते. डझनावारी पदार्थांची यादी काढून देणाऱ्या आयजीजीच्या तपासण्या आणि केसांवरून ॲलर्जी सांगणारे प्रकार यांवर पैसे घालवू नका. ते अहवाल वाचून मुलांचं जेवण अर्ध्यावर आणलेले पालक पाहिले की जीव कळवळतो. निदान अवघड असलेल्या बाळांत पोटविकारतज्ज्ञ दुर्बिणीने आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासतात, तो निर्णय त्यांचा.

जी बाळं अंगावर पिऊन ठणठणीत होती आणि वरचं दूध सुरू केल्यावरच त्यांना त्रास झाला, त्यांचं काम सोपं. वरचं दूध बंद करायचं, अंगावरचं वाढवायचं. आईला स्वतःच्या जेवणात सहसा काही बदलावं लागत नाही. ज्यांना खरोखरच डबा लागतो, म्हणजे आईचं दूध नाही किंवा अगदी अपुरं आहे, त्यांच्यासाठी प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली पावडर असते, आणि फार गंभीर बाळांसाठी अमिनो आम्लांची. या महाग आहेत, पगारदार घरालाही झेपत नाहीत. सोयाची बाळपावडर त्यामानाने स्वस्त, पण ती सहा महिन्यांच्या आत देत नाहीत, आणि ज्या बाळाला पोटाचा, उशिरा उमटणारा त्रास आहे त्याला सोयाही बाधण्याची शक्यता लक्षात घेऊनच डॉक्टर ती लिहितात. खर्च झेपत नसेल तर लाजून गप्प बसू नका आणि पावडर पातळ करून पुरवू नका. ‘डॉक्टर, हे आम्हाला परवडत नाही’ हे स्पष्ट सांगा, म्हणजे ते वय पाहून दुसरा रस्ता काढतील, किंवा थांबलेलं अंगावरचं दूध परत आणायला मदत करतील. ते बऱ्याचदा जमतं. दुकानातलं सोया मिल्क, बदामाचं, ओटचं, नारळाचं, तांदळाचं दूध हे तान्ह्या बाळाच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही. तशा दुधावर ठेवलेली बाळं कुपोषित झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत.

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न वेळेवर सुरू करा, त्रास आहे म्हणून पुढे ढकलू नका. आपल्या घरच्या अन्नात दुधाची गरजच नाही. पाण्यात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व, त्यात चमचाभर शेंगदाण्याचं तेल. मूगडाळ-तांदळाची घट्टसर खिमटी. मऊ वरणभात, कुस्करलेलं केळं, रताळं, मग अंडं, मासा. तयार सीरियलच्या डब्यांत बहुधा दुधाची पावडर असते, ते वाचून घ्या. लसीकरण ठरल्याप्रमाणे चालू ठेवा, लस देणाऱ्या सिस्टरांना त्रासाची कल्पना द्या. वजन दर महिन्याला करा, आणि लोहाबद्दल विचारा. रक्त जात असलेल्या बाळांत ते कमी पडू शकतं.

आता नातेवाइकांशी दोन शब्द. बारशाला पेढ्याचा कण, उष्टावणाला खिरीचं बोट, सत्यनारायणाला पंचामृताचा थेंब. हे सगळं आशीर्वाद म्हणून होतं हे खरं. पण ज्या बाळाचं निदान पक्कं झालंय, त्याला तो एक थेंबही पुढचा आठवडा रडवू शकतो, आणि गांधी उठणाऱ्या बाळाला तर रुग्णालयात नेऊ शकतो. पंचामृतात मधही असतो, जो वर्षाच्या आतल्या कोणत्याच बाळाला देऊ नये. उष्टावण गूळ घातलेल्या नाचणीच्या पेजेने करा, देवापुढे ठेवलेल्या केळ्याने करा. पाळणाघरात किंवा बाळ सांभाळणाऱ्या मावशींजवळ मोठ्या अक्षरांत चिठ्ठी ठेवा. आणि बाळाच्या बाबांनी एक जबाबदारी स्वतःकडे घ्यावी: घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे समजावून सांगण्याचं काम आईवर टाकू नका. ती रात्री तीनदा उठते, पथ्यावर आहे; वाद घालायची ताकद तिच्यात नसते.

पथ्य कायमचं नसतं. शीमध्ये रक्त येणारी बहुतेक बाळं वर्षाची होईपर्यंत यातून बाहेर येतात. उशिरा उमटणाऱ्या बाकीच्या प्रकारांतली बहुतेक तीन वर्षांपर्यंत. लगेच गांधी उठणाऱ्या प्रकाराला जास्त वेळ लागतो, पण त्यातलीही साधारण निम्मी मुलं पाच वर्षांच्या आसपास दूध पचवायला लागतात. म्हणून निदान पक्कं झालं त्याच दिवशी पुढची तारीख ठरवून घ्या: किमान सहा महिने पथ्य झाल्यावर किंवा बाळ नऊ ते बारा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा तपासायचं. सौम्य त्रासाच्या बाळाला दूध एकदम पेल्याने देत नाहीत. आधी पिठात मिसळून चांगलं भाजलेलं, म्हणजे दुधाचा अंश असलेलं बिस्किट. ते काही दिवस सोसलं तर दूध घातलेला केक किंवा पाव. मग खीर, मग दही, शेवटी साधं दूध. भट्टीत पिठाबरोबर भाजल्यावर दुधाच्या प्रथिनांचा आकार बदलतो आणि ती कमी बाधतात, म्हणून हा क्रम. एखाद्या पायरीवर त्रास झाला तर खालच्या पायरीवर थांबा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चढा. सोया बंद असेल तर त्याची तपासणी वेगळी करा, दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करू नका. दूध सोसायला लागलेल्या मुलाचं सोयाचं पथ्य कधी कधी केवळ कोणी विचारलं नाही म्हणून चालू राहिलेलं असतं. पुढच्या भेटीत तुम्हीच विचारा.